पेनसिल्व्हेनियातल्या बार्नमध्ये मराठी लग्न: मोकळेपणा आणि विधी यांचा मेळ कसा घालावा?

पानगळ

नमस्कार. येत्या ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, माझे लग्न आहे. मी मूळची पुण्याची, सध्या फिलाडेल्फियात राहते. होणारा नवरा अमेरिकन असून जवळच्या चेस्टर काउंटीत वाढलेला आहे. शहरापासून तासाभरावर एका शेतावरचा जुना, दगडी पायाचा लाकडी बार्न (धान्य आणि गुरे ठेवण्याची इमारत) आम्ही दिवसभरासाठी घेतला आहे. पाहुणे एकशेवीसच्या आसपास असतील आणि त्यांत पुण्याहून येणारे माझे आईवडील, आजी, दोन मावश्या आणि काका-काकू धरले आहेत.

आम्हा दोघांनाही मोठ्या हॉटेलच्या हॉलमधले मिनिटामिनिटाला बांधलेले लग्न नको आहे. माणसांनी निवांत बसावे, एकमेकांशी बोलावे, मुलांनी गवतात खेळावे आणि तरीही लग्न मराठी पद्धतीने लागावे, अशी इच्छा आहे. माझे प्रश्न असे आहेत: कोणते विधी ठेवावेत, लाकडी इमारतीत होमाचे काय करावे, आणि विकतची सजावट न आणता आमच्या दोन्ही घरांचा हात दिसेल अशा कोणत्या गोष्टी करता येतील? ज्यांनी अशा जागी कार्य केले आहे त्यांचे अनुभव वाचायला फार आवडतील.

गोदाकाठ

अभिनंदन, बाळ. माझे मत थोडे वेगळे आहे, पण ते आपुलकीने सांगते. धान्य आणि गुरे ठेवण्याची जागा लग्नासाठी भाड्याने घ्यावी, हे माझ्या पिढीला पटकन पचत नाही. तुझी आजी तेवढ्या लांबून येणार, थंडीत उघड्यावर बसणार, आणि तिला तिथे ना ओळखीचा ओटा दिसणार ना देवघर. न्यू जर्सीत भारतीय लग्ने नित्य होतात असे हॉल आहेत, तिथे होमाची परवानगी असते, स्वयंपाकी आपले असतात. एकदाच होणाऱ्या कार्यात सोय आधी पाहावी असे मला वाटते.

खळ्यावरची

गोदाकाठताई, आपला आदर राखून असहमती नोंदवते. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. आमच्याकडे घरापुढचे खळे म्हणजेच लग्नमंडप असे. पावसाळा संपला की ते चोपून, शेणाने सारवून घ्यायचे, पोफळीचे खांब रोवायचे, वर नारळाच्या झावळ्यांचा मांडव घालायचा; वाडीतले लोकच हे सगळे करत आणि वाडीतल्याच बायका पाट्यावर वाटप वाटत. भात जिथे झोडला त्याच जमिनीवर पंगत बसे आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. शेतीच्या जागेत लग्न लावणे आपल्याला परके नाही. सोयीचा मुद्दा मात्र तुमचा शंभर टक्के बरोबर आहे आणि पानगळ यांनी तो पहिल्या क्रमांकावर ठेवावा.

सुतारपक्षी

मी पेनसिल्व्हेनियात जुन्या लाकडी इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून जागेविषयीच लिहितो. तुमच्या वर्णनावरून हा 'बँक बार्न' असावा. तो उताराच्या कुशीत बांधलेला असतो: चढाच्या बाजूने गाडी थेट वरच्या मजल्यावर जाते, उताराच्या बाजूने खालच्या मजल्यावर गुरांचे गोठे असत आणि वरचा मजला त्यांच्यावर थोडा पुढे झुकलेला असतो. वरच्या मजल्याच्या मधोमध मळणीची मोकळी जागा आणि दोन्ही अंगांना गवताचे कप्पे, अशी ही रचना आहे. जुन्या बार्नमध्ये ओकच्या तुळया खिळ्यांऐवजी कुसू-खाचेने जोडून लाकडी खुंट्या मारलेल्या दिसतील; जरूर वर मान करून पाहा.

आता याचा लग्नाशी संबंध. पहिले म्हणजे, चाकाच्या खुर्चीतली किंवा काठी घेऊन चालणारी माणसे चढाच्या बाजूने एकही पायरी न चढता आत येऊ शकतात, पण स्वच्छतागृहे पुष्कळदा खालच्या मजल्यावर किंवा बाहेर असतात. आजींना रात्री अंधारात, खडीवरून, उतार उतरावा लागणार का, हे स्वतः चालून पाहावे. दुसरे म्हणजे, मळणीच्या जागेला समोरासमोर दोन मोठी दारे असत, कारण उफणताना वाऱ्याने भुसा उडून जायला हवा असे. तोच वारा ऑक्टोबरमध्ये तुमच्या मंगलाष्टकांमधून वाहणार आहे. चढाकडचे दार उघडे आणि समोरचे बंद ठेवले तर बराच फरक पडतो. निरांजने उघडी ठेवू नका; काचेच्या चिमणीतले दिवे घ्या. तिसरे म्हणजे, फळ्यांच्या फटींत टाचा अडकतात, तेव्हा निमंत्रणातच सपाट चपलांची सूचना द्यावी. आणि रात्री नाच असेल तर ती जमीन माणसांच्या गर्दीसाठी तपासून घेतली आहे का, हे मालकाला स्पष्ट विचारावे. गवताचा स्थिर भार आणि एका तालात उड्या मारणारी शंभर माणसे यांत फरक असतो.

समिधा

होमाबद्दल. शंभर-दीडशे वर्षे वाळलेले लाकूड, फटींत साठलेली गवताची धूळ आणि उघडी ज्वाला हे एकत्र येऊ देऊ नये. अग्निशमन खात्याचे नियम तर आहेतच, पण त्यांच्याआधी आपली जबाबदारी आहे. आमच्या भाचीच्या लग्नात आम्ही विधी दोन जागी वाटले. अंतरपाट, मंगलाष्टका आणि कन्यादान आत झाले. लाजाहोम आणि सप्तपदीसाठी सगळे बाहेर दगडी अंगणात आले. जमिनीवर विटांचा थर, त्यावर वाळू, त्यावर तांब्याचे होमकुंड. आजूबाजूची वाळलेली पाने झाडून घेतलेली. एका बाजूला पाण्याची बादली आणि अग्निशामक नळा घेऊन एक जबाबदार माणूस. मालकाची लेखी परवानगी महिनाभर आधी घेतली होती.

वधूच्या भावाने ओंजळीत साळीच्या लाह्या घातल्या आणि त्या अग्नीत पडून तडतडल्या, तेव्हा अमेरिकन पाहुणे आपोआप जवळ सरकले. आतल्या बाकांवरून त्यांना ते दिसलेही नसते.

तर्कतीर्थ_नव्हे

मला वाटते की परवानगी मिळत नसेल तर ओढून ताणून अग्नी आणू नये. समईला साक्षी ठेवून सप्तपदी करावी. अर्थ सात पावलांत आणि त्यांबरोबर उच्चारलेल्या वचनांत आहे.

समिधा

यावर आपले एकमत होणार नाही. विवाहहोम हा आपल्या विवाहसंस्काराचा गाभा आहे आणि अग्नीची साक्ष हा त्याचा कणा. जिथे बाहेर मोकळी जागा आहे, शेत आहे, तिथे तर अग्नी सोडण्याचे कारणच उरत नाही. पावसाची शक्यता धरून बाजूला उंच छताचा, भिंती नसलेला तंबू ठेवावा, पण होमाच्या वेळी तो डोक्यावर नसावा. पाऊस धो धो असेल तरच समईचा पर्याय.

गोदाकाठ

समिधा, तुमची विभागणी मला आवडली. विधी कोणते ठेवायचे यावर माझे सांगते. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी घरीच करावे. देवक, पुण्याहवाचन आणि हळदही घरीच. गौरीहर मात्र लग्नाच्या दिवशी हवाच. वधू पंधरा-वीस मिनिटे एकटी, शांत बसते, असा दिवसातला तो एकच वेळ असतो आणि धावपळीच्या लग्नात तोच पहिला कापला जातो. पुढे मंगलाष्टका, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी. कानपिळी ठेवावी, मुलाकडच्यांना गंमत वाटेल. झालीचा विधी तुझ्या आईला काय वाटते त्यावर. गुरुजींना आधी भेटून प्रत्येक विधीला किती वेळ लागेल ते विचारून घे आणि मधे मधे अर्थ सांगायला सांग. ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीत मंत्रांबरोबर अर्थ सांगितला जातो आणि त्यांच्याकडे स्त्रियाही पौरोहित्य करतात. पुण्यात तुझ्या आईला सहज चौकशी करता येईल.

पानगळ

गोदाकाठताई, गौरीहराबद्दलचे तुमचे म्हणणे वाचून आईला लगेच फोन केला. तिचेही तेच मत आहे. सुतारपक्षी, स्वच्छतागृहे खरोखरच खालच्या बाजूला आहेत; तो उतार आम्ही दिवसाच पाहिला होता, आता अंधार पडल्यावर पाहून येतो.

हिशेबनीस

एक गोष्ट मोकळेपणाने मांडतो. 'साधे' लग्न स्वस्त असते हा समज चुकीचा आहे. हॉलच्या भाड्यात जे आपोआप येते ते बार्नमध्ये एकेक करून आणावे लागते: खुर्च्या, टेबले, ताटे, दिवे, वीज कमी पडत असेल तर जनरेटर, आणि स्वच्छतागृहे. भाड्याच्या स्वच्छतागृहांचा साधारण हिशेब पन्नास माणसांमागे एक असा करतात. वयस्कर माणसे आणि नऊवारी साड्या असतील तर त्याहून जास्त घ्यावीत आणि किमान एक प्रशस्त असावे. बहुतेक जागामालक दहा लाख डॉलरचा दायित्व विमा मागतात. तो एका दिवसासाठी मिळतो, मात्र मद्य द्यायचे असेल तर त्याचा समावेश आहे का ते वाचून घ्यावे. बाहेरचा स्वयंपाकी चालतो की त्यांचाच घ्यावा लागतो, हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वीचा आहे. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाला हे सही झाल्यावर कळले आणि लग्नात मसालेभाताऐवजी दुसरेच काही जेवावे लागले.

आणखी एक: ग्रामीण रस्त्यांवर रात्री टॅक्सी मिळेलच याची खात्री नसते, मोबाइलला रेंज नसते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरणे रस्त्यावर येण्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. हॉटेलपासून बस ठरवा. परतीच्या फेऱ्या दोन ठेवा, पहिली साडेआठला, कारण आजी-आजोबांना शेवटपर्यंत थांबवून ठेवणे बरे नव्हे.

आजोळ

थंडीचे काय करणार आहात? ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या भागात दुपारी 17-18 अंश असतात, पण रात्री 7-8 पर्यंत उतरते, आणि सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो.

सुतारपक्षी

गॅसवर चालणारे उभे हीटर आत लावू नका. आगीची भीती आहेच, शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. यंत्र बाहेर ठेवून नळीने फक्त गरम हवा आत सोडणारे हीटर भाड्याने मिळतात, ते घ्या. सूर्यास्ताचा विचार करता मुहूर्त दुपारी तीनच्या आसपास असेल तर होम उजेडात आटोपतो.

रेशीमगाठ

गवताच्या भाऱ्यांवर बसण्याची टूम छायाचित्रांत छान दिसते, पण पैठणीचा पदर पेंढ्यात एकदा अडकला की धागा ओढला जातो आणि तो परत बसत नाही. शिवाय अनेकांना त्याची ॲलर्जी असते. बाक किंवा साध्या लाकडी खुर्च्या घ्या आणि प्रत्येक चौथ्या खुर्चीवर एक शाल घडी घालून ठेवा. सोलापुरी चादरी पुण्याहून येणाऱ्या माणसांच्या सामानात सहज मावतात, त्यांना वजन असते पण त्या वर्षानुवर्षे टिकतात. लग्नानंतर त्याच पाहुण्यांना भेट म्हणून देता येतील.

आणखी एक छोटी पण महत्त्वाची सूचना: उंच गवतात गोचिडी असतात आणि त्या भागात लाइम रोगाचा प्रादुर्भाव आहे. मुलांना कापलेल्या गवतावरच खेळू द्या आणि रात्री अंग तपासा.

पानगळ

इतकी उपयुक्त माहिती एका दिवसात मिळेल असे वाटले नव्हते, मनापासून आभार. बाहेरचा स्वयंपाकी चालेल असे करारात लिहून घेतले आहे. आता माझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष वेधते. दोन्ही घरांचा हात दिसेल असे काय करावे? त्याची आजी गोधड्यांसारखी तुकडे जोडून रजया शिवते, आणि माझ्या मावश्या भरतकाम करतात, एवढे भांडवल हाताशी आहे.

रेशीमगाठ

मग अंतरपाटच दोघींकडून करून घ्या! मी असा एक केला आहे, म्हणून नीट सांगते. रजई किंवा गोधडी दोन-तीन थरांची असते. तसा अंतरपाट केला तर मंगलाष्टका संपेपर्यंत धरणाऱ्यांचे हात भरून येतात आणि कापड मधे झोळ धरते. म्हणून पाया एकेरी, पांढऱ्या सुती मलमलीचा घ्यावा, साधारण दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच. त्यावर दोन्ही घरांतल्या जुन्या कपड्यांचे पातळ तुकडे धावदोऱ्याने बसवावेत: तुमच्या आजीच्या नऊवारीचा काठ, त्यांच्या आजोबांच्या सदऱ्याचा चौकडा. मधोमध जागा मोकळी ठेवावी आणि तिथे मावशीने कुंकवाच्या रंगाच्या रेशमाने स्वस्तिक भरावे. वरच्या काठात बारीक काठी ओवायला नेफा ठेवावा, म्हणजे वाऱ्यात कापड फडफडणार नाही. त्या आजींनी तुकडे तिकडे जोडायचे आणि पुण्यात भरतकाम व्हायचे, तर पोस्टाने येण्याजाण्याचा वेळ धरून ऑगस्टपर्यंत तयार असावा.

स्वस्तिकाबद्दल एक सांगायला हवे. अमेरिकन पाहुण्यांतल्या काहींच्या मनात त्या आकाराची वेगळी, क्लेशकारक आठवण असू शकते. कार्यक्रमपत्रिकेत दोन ओळींत त्याचा आपल्याकडचा शुभार्थ लिहा, किंवा ॐ अथवा कलश भरा. तो निर्णय तुम्ही आणि त्याच्या आईवडिलांनी मिळून घ्यावा.

खळ्यावरची

रुखवताला विसरू नका. हल्ली रुखवत म्हणजे थर्माकोलची मंदिरे आणि चमकीचे मोर झाले आहेत, ते मला मनापासून खटकते. पूर्वी त्यात घरातल्या बायकांनी केलेले, खाता येणारे आणि वापरता येणारे असे असे. बार्नमधल्या जुन्या लाकडी फळीवर पितळेच्या परातींत बेसनाचे लाडू, चिरोटे, साटोऱ्या, करंज्या मांडा, शेजारी होणाऱ्या नवऱ्याच्या आईने घातलेल्या मुरंब्याच्या बाटल्या ठेवा. प्रत्येकापुढे कोणी केले त्याचे नाव दोन्ही भाषांत लिहा. संध्याकाळी तेच पाहुण्यांना वाटा. सजावट, ओळख आणि परतभेट एकाच टेबलावर होईल.

फुलांबद्दल: झेंडू स्वतः लावा. मे महिन्यात शेवटचे थंडीचे दिवस गेले की रोपे जमिनीत घालावीत, सप्टेंबरपासून भरपूर फुले येतात. पण पहिले दव गोठले की झेंडू एका रात्रीत काळा पडतो आणि त्या भागात ते ऑक्टोबरच्या मध्याला होऊ शकते. थंडीची सूचना आली की रात्री रोपांवर चादर घालावी. आंब्याची ताजी पाने भारतातून सामानात आणू नका, विमानतळावर काढून घेतात. वाळलेल्या मक्याची ताटे दाराच्या दोन्ही बाजूंना बांधा. ती तिथली, त्या ऋतूची आहेत आणि तुमच्या सासरच्यांना ओळखीची वाटतील.

मात्रा_वृत्त

मंगलाष्टके स्वतः रचा. हे आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे. घराण्याची नावे गुंफून काका किंवा आत्या एखादे कडवे रचत आणि ते छापून वाटत. बहुतेक मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित या वृत्तात असतात. ओळीत 19 अक्षरे, बाराव्या अक्षराला थांबायचे, गण (तीन-तीन अक्षरांचे लघु-गुरूचे गट) म स ज स त त आणि शेवटी एक गुरू. म्हणूनच 'कुर्यात् सदा मंगलम्' ही सात अक्षरे शेवटच्या तुकड्यात नेमकी बसतात. बारा अक्षरे तुमची, सात परंपरेची, असे धरून सुरुवात केली तर सोपे जाते. नमुन्यासाठी आत्ताच दोन ओळी जुळवल्या:

आले आप्त दुरून आज सगळे, घेऊन माया उरी
दोन्ही मांडव एक होत असता, दोघे सुखाने रहा

तुमच्या काकांनी किंवा वडिलांनी एक कडवे रचावे, ते स्वतः म्हणावे. त्याच्या वडिलांना इंग्रजीत चार ओळी लिहायला सांगा; त्या वृत्तात बसवण्याचा हट्ट नको, त्यांनी त्यांच्या लयीत वाचाव्यात आणि शेवटी सगळ्यांनी मिळून 'शुभमंगल सावधान' म्हणावे. तेवढे दोन शब्द पाहुण्यांना आधी शिकवून ठेवा. आणि आठच ठेवा. हौसेने बारा-पंधरा होतात आणि अंतरपाट धरणाऱ्यांची परीक्षा होते.

तर्कतीर्थ_नव्हे

मात्रा_वृत्त, दुसरी ओळ फार आवडली. अक्षतांचे काय? काही मालक तांदूळ टाकू देत नाहीत, कारण लाकडी जमिनीच्या फटींत ते जातात आणि उंदीर येतात.

आजोळ

सुकवलेल्या फुलांच्या पाकळ्या किंवा तुमचाच झेंडू कुस्करून. वधूवरांच्या डोक्यावर ज्येष्ठांनी हाताने टाकायच्या चिमूटभर अक्षता एका वाटीत वेगळ्या ठेवाव्यात.

पानगळ

दोन दिवस घरात याच धाग्याचे वाचन चालू आहे. मी मराठीतून वाचते आणि त्याला सांगते. ठरले ते लिहिते. मुहूर्त तीनचा. गौरीहर दगडी पायाच्या खालच्या खोलीत, आजीच्या सोबतीने. मंगलाष्टका आत, चढाकडचे दार उघडे ठेवून. होम बाहेर अंगणात, मालकांची लेखी परवानगी मिळाली आहे. जेवण लांब टेबलांवर, पंगतीसारखे वाढलेले. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा, आणि त्याच्या घरची सफरचंदाची पाय. अंतरपाटावर स्वस्तिकाऐवजी कलश भरायचा असे दोन्ही घरांनी मिळून ठरवले. त्याच्या आजीने पहिले तुकडे काल कापले, त्यांत आजोबांचा निळा सदरा आहे.

रात्री जाऊन तो उतारही पाहिला. एकही दिवा नव्हता. दोन्ही बाजूंना दिवे आणि हाताला धरायला दोर लावून देण्याचे मालकांनी कबूल केले आहे.

एकच प्रश्न उरला. कायदेशीर नोंदणीसाठी गुरुजींची सही पुरते का, आणि परवाना कधी काढावा?

हिशेबनीस

पेनसिल्व्हेनियात अर्ज केल्यावर तीन दिवसांनी परवाना मिळतो आणि तो मिळाल्यापासून 60 दिवस चालतो. तेव्हा लग्नाआधीच्या आठवड्याची घाई नको आणि जुलैतही काढू नका. सप्टेंबरचा उत्तरार्ध योग्य. राज्यातल्या कोणत्याही काउंटीतला परवाना राज्यभर चालतो, म्हणून फिलाडेल्फियातच काढता येईल. अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो. गुरुजी नियमित मंदिराशी संलग्न असतील तर त्यांची सही चालते, तरी त्यांना आधी विचारून घ्या. पुण्याहून गुरुजी येणार असतील किंवा शंका असेल तर त्या राज्यात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतून आलेला एक वेगळा परवाना मिळतो. त्यात विधी लावणाऱ्याची सही लागत नाही, वधूवर आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या पुरतात. साक्षीदार म्हणून दोन्ही आजींना बसवता येईल. सही झालेला कागद दहा दिवसांच्या आत कार्यालयात परत पाठवायचा असतो, ते काम लग्नाच्या धावपळीत नसलेल्या एखाद्या मित्रावर आजच सोपवा.